तिच्याकडे नसलेलं मशीन

बाबा, शेडच्या मागच्या अंगाचा कोबा मी फोडला. तुम्ही स्वतः उभं राहून घातलेला, पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून पुढच्या गटाराकडे उतार दिलेला. गवंड्याने पहिला घाव घातला तेव्हा मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिले, आत थांबवेना. आता तिथे पाणसळ लावली तर बुडबुडा मधोमध थांबतो आणि पाणी सांडलं तर कुठेच वाहून जात नाही, आहे तिथेच पसरतं. हे असं का करावं लागलं ते तुम्हाला सांगायचं आहे. सांगायला दुसरं माणूस नाही असं नाही. घरात नवरा आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे, शेडमध्ये दोन मेकॅनिक आहेत. पण ह्या सगळ्यात ती येते, पोयनाडची, आणि तिच्याबद्दल मला जे वाटतं ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, कारण ते तुमच्यामुळे वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हाच्या गाड्या आणि आताच्या गाड्या ह्यांत फार फरक पडला आहे. आताच्या गाडीला डोळे असतात. आरशाच्या मागे काचेला चिकटून एक कॅमेरा असतो, पुढच्या बंपरच्या आत रडार असतं. समोर माणूस आला, गुरं आली, ट्रक थांबला, तर ड्रायव्हरच्या आधी गाडीच ब्रेक मारते. मांडव्याला गाड्यांची बोट सुरू झाल्यापासून मुंबईचे बंगलेवाले असल्या गाड्या घेऊन सरळ इथे उतरतात आणि काच फुटली, बंपर घासला की आपल्या शेडमध्ये येतात. काच बदलणं आमच्या पोरांना उत्तम जमतं. पण काच बदलली की कॅमेऱ्याची नजर केसभर हलते, आणि गाडीजवळचा तो केसभर फरक पुढे रस्त्यावर हातभर होतो. मग गाडीसमोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीला काळ्यापांढऱ्या चौकटींचा फलक उभा करून तिला पुन्हा शिकवावं लागतं की समोर म्हणजे नेमकं कुठे. ह्याला कॅलिब्रेशन म्हणतात. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, गाडीला चष्मा लावायचा म्हणजे. आमच्याकडे ते करायचं साधन नव्हतं. काच बसवून आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो, आता पनवेलला जाऊन कॅमेरा जुळवून घ्या. काही जायचे, काही नाही.

सासवण्याला बंगला बांधून राहिलेल्या एक निवृत्त डॉक्टरीणबाई आहेत. एकट्या राहतात, गाडी स्वतः चालवतात. डंपरच्या चाकातून उडालेल्या दगडाने त्यांची काच गेली, आम्ही नवीन बसवली, पनवेलचं सांगितलं. त्या गेल्या नाहीत. पुढे एकदा कार्लेखिंडीच्या वळणावर, समोर काही नसताना, गाडीने आपल्या आपण करकचून ब्रेक मारला. मागून विटांचा ट्रक येत होता. तो त्यांच्या डिकीला नाक लावून थांबला. बाईंना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सरळ आपल्या शेडमध्ये आल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "तुम्ही पनवेलला जा म्हणाला होतात, मीच गेले नाही. पण मला सांगा, एवढ्या लांब का जायचं? तुमच्याकडे का नाही होत हे?"

"मशीन नाही माझ्याकडे."

"पोयनाडला एक बाई करतात म्हणे. आता तिथेच दाखवते." आणि मग, मला बरं वाटावं म्हणूनच असेल, त्यांनी जोडलं, "त्या इथेच शिकल्या ना? तुमच्या वडिलांच्या हाताखाली?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण त्या गेल्यावर मी पोरांवर विनाकारण चिडले. बाईंचा जीव जाता जाता वाचला होता आणि माझ्या डोक्यात मात्र एकच होतं, की माझं गिऱ्हाईक तिच्याकडे चाललं आणि तेही तुमचं नाव घेऊन.

ती पहिल्यांदा आली तो दिवस मला आठवतो, कारण मी तेव्हा तुमचा डबा घेऊन आले होते. आम्ही दोघी एकाच वयाच्या. मी अलिबागला कॉलेजात जात होते, तिची शाळा केव्हाच सुटली होती. कोळीवाड्यातली, घरात सगळ्या मुली, बापाच्या होडीचं इंजिन लहानपणापासून तिनेच बघितलेलं. बापाने होडी विकली आणि तिच्या हातांना काम राहिलं नाही. शेडच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "काका, मना कामाला ठेवा."

"पोरींचं काम न्हाय हे," तुम्ही म्हणालात.

"होडीचं इंजिन खोललंय मी. गाडीचं त्याच्याहून हलकं असंल."

तुम्ही इतके हसलात की हातातला पाना खाली ठेवावा लागला. रात्री जेवतानाही आईला सांगून पुन्हा हसलात, "हलकं असंल म्हणते." मी भात कालवत होते. तुम्हाला असं हसवणं मला कधी जमलं नव्हतं. कारखान्यातली गाड्यांच्या खात्यातली नोकरी सोडून तुम्ही शेड टाकलीत तेव्हापासून तुम्ही घरी दमूनच यायचात, माझ्याशी बोलायचात ते अभ्यासाचं. पेपर कसा गेला, पुढच्या वर्षाची पुस्तकं कुठली, बँकांच्या परीक्षांचा फॉर्म आला का. विहारात कोणी भेटलं की तुम्ही माझी ओळख करून द्यायचात ती मी कितवीत शिकते हे सांगून. ते प्रेम होतं हे मला आज कळतं. तेव्हाही कळत होतं म्हणा. पण प्रेम कळणं वेगळं आणि आपल्याला हवं ते मिळणं वेगळं.

मला शेड हवी होती. तुम्हाला हे ठाऊक होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. सुट्टीत एकदा मी जीपच्या चाकाजवळ बसून पाना उचलला आणि नट फिरवायला लागले. तुम्ही आलात, माझ्या हातातून पाना काढून घेतलात, खिशातलं फडकं काढून माझी बोटं एकेक करून पुसलीत. रागावला नाहीत. "हे तुझं न्हाय," म्हणालात.

मी म्हटलं, "ती करते ना?"

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. ती गाडीखाली होती, तिचे नुसते पाय दिसत होते. आवाज खाली आणून तुम्ही म्हणालात, "तिच्याकडं दुसरं काय हाय?"

माझ्याकडे दुसरं होतं, म्हणून मला ते मिळणार नव्हतं. तुम्ही ज्या काळ्या हातांतून मला बाहेर काढायला बघत होतात, त्याच हातांची मला असूया वाटत होती. बारावीनंतरच्या त्या सगळ्या वर्षांत मी रोज डबा घेऊन यायचे, दहा मिनिटं जास्त थांबायचे, आणि ती काय करते ते बघून शिकायचे. तिच्याकडून शिकायचे, बाबा, तुमच्याकडून नाही. हेही मला खुपायचं.

आणि तो दिवस. तिने एका टेम्पोचं चाक बसवलं आणि एक नट आवळायचा राहिला. टेम्पो सुटायच्या आधी तुम्ही हात फिरवलात म्हणून सापडला. तुम्ही तिला जे बोललात ते थळच्या नाक्यापर्यंत ऐकू गेलं असेल. "माणूस मेला असता. कोणाचा तरी बाप मेला असता. तू आणि मी काय सांगायला गेलो असतो त्याच्या घरी?" ती मान खाली घालून उभी होती, गालावर काळं ग्रीस, त्यातून पाणी उतरत होतं. मग तुम्ही तिलाच सगळी चाकं पुन्हा काढायला लावलीत आणि पुन्हा बसवायला. आणि त्यानंतर माझ्या हातातला डबा घेऊन तुम्ही दोघं जमिनीवर बसलात. तुम्ही भाकरी मोडलीत, मोठा तुकडा आणि सुकटीतला अर्धा वाटा तिच्यापुढे सरकवलात. सुरुवातीला ती आपला डबा वेगळा आणायची, तिच्या घरी कुरकुर होती म्हणे आपल्यात जेवण्याबद्दल. त्या दिवशी ती तुमच्या डब्यातलंच जेवली. माझा निकाल त्याच सकाळी लागला होता. पहिला वर्ग होता. मी सांगितलं तेव्हा तुम्ही घास घेत "छान" म्हणालात, आणि पुन्हा तिच्याकडे वळून तिला समजावायला लागलात की नट एका ओळीने का आवळायचे नसतात, समोरासमोरचे का आवळायचे. मी रिकामा डबा घेऊन घरी गेले. आई म्हणाली, "चेहरा का असा?" मी म्हटलं, ऊन लागलं. तुम्ही मला आयुष्यात कधी ओरडला नाहीत. आपल्या माणसाकडून काही तरी मोठं व्हावं असं वाटतं तेव्हाच माणूस एवढं ओरडतो, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि ते चुकीचं असलं तरी माझ्या मनातून गेलं नाही.

लोक काय काय बोलायचे ते आईच्या कानावर यायचं. लग्नाच्या वयाची मुलगी, शेडमध्ये एकटी, असलं सगळं. आईने कधी मनाला लावून घेतलं नाही, उलट सणाला तिला घरी बोलवायची. लावून घ्यायचे ते मी, आणि माझं कारण लोकांच्या कारणापेक्षा वेगळं होतं. तिचं लग्न पोयनाडला झालं, नवऱ्याने रस्त्यालगतची जागा दिली, तिने स्वतःचं गॅरेज टाकलं. तेव्हा तुम्ही तिला तुमचा कारखान्यातल्या दिवसांपासूनचा पान्यांचा संच दिलात. मला पदवी मिळाली तेव्हा मनगटी घड्याळ दिलं होतंत, सोनेरी पट्ट्याचं. सुंदर होतं. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून मी त्यात किती वाजले बघायचे.

तुमच्या मागे शेड बंद होणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मी पतसंस्था सोडली आणि शटर उघडलं. पहिली वर्षं कशी गेली ते आज सांगत नाही. माझे हात आता कायमचे काळे आहेत, नखांच्या कडेला बसलेलं जात नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं.

तर कॅलिब्रेशनचं मशीन घ्यायचं मी ठरवलं. डॉक्टरीणबाईंसाठी ठरवलं असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्या पोयनाडच्या बाईंना आधी एक फोन कर. त्यांनी घेतलंय, त्या सांगतील खरं काय ते." मी केला नाही. मी आधी स्वतः सगळं वाचून काढलं, मग तीन विकणाऱ्यांना शेडमध्ये बोलावलं. पहिला म्हणाला, फलकबिलक काही नको, नुसता स्कॅनर जोडा आणि गाडी रस्त्यावर एका वेगाने चालवा, कॅमेरा स्वतः शिकतो. मी विचारलं, कशावरून शिकतो? म्हणाला, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून. मी त्याला गाडीत घालून रेवदंड्याच्या रस्त्याला नेलं. एका बाजूला नारळ, एका बाजूला सुपाऱ्या, मधे शाळेतून सुटलेली पोरं, म्हशी, आणि पांढरी पट्टी कुठे म्हणून नाही. दुसरा घडी घालून ठेवता येणारी हलकी चौकट घेऊन आला, कापडी फलकांची. दिसायला छान, जागा कमी लागते. तिसऱ्याची चौकट मोठी होती, रुळावर सरकणारी, चाकांना पट्टे लावून गाडीचा मध्य स्वतः मोजणारी, आणि परदेशी गाड्यांची रडारंही जुळवणारी. त्याने आपल्या शेडमध्ये ती मांडून दाखवली आणि लेझरची लाल रेघ भिंतीवर पडली. ती एका बाजूला वर गेली होती. तुमचा उतार. झाडताना पाणी ओतलं की ते पुढे पळतं हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं, पण रेघ बघेपर्यंत तो आड येईल असं मनात आलं नव्हतं.

"थोडा फरक चालतो, मॅडम," विकणारा म्हणाला. "मशीन सांभाळून घेतं."

"किती चालतो?"

"थोडा."

"तेवढं कागदावर द्या, की ह्या जमिनीवर जुळवलेला कॅमेरा बरोबर असेल."

त्याने बॅग आवरायला घेतली. मला तेव्हा एकदम वाटलं, तुम्ही असायला हवे होतात. हे मी तुमच्यासमोर केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? कदाचित पुन्हा "छान" म्हणाला असतात.

शेवटी मी पोयनाडला गेले. कारण एवढी वस्तू घ्यायची आणि ती वापरणारं इथलं एकमेव माणूस एवढं जवळ असताना न विचारता घ्यायची, हा मूर्खपणा होता आणि तो मला दिसत होता. तिचं गॅरेज आपल्या शेडपेक्षा दुप्पट आहे. आत एक स्वच्छ रंगवलेली खोली, सपाट जमीन, मधोमध तीच घडीची चौकट. मला बघून ती गाडीखालून उठली, हात फडक्याला पुसले. "ये गो बाय," म्हणाली, जणू मी दर आठवड्याला येते. चहा मागवला. मी कशासाठी आले ते सांगितलं तर तिने काही म्हणता काही लपवलं नाही. कापडी फलक खाऱ्या हवेने लाटा धरतात, ते कायम ताणून ठेवावे लागतात. नव्या गाड्या येतात आणि मशीनच्या यादीत त्यांचं नावच नसतं. परदेशी गाड्यांची रडारं तिच्याने होत नाहीत, त्या ती परत पाठवते. "मी घाई केली," ती म्हणाली. "तू करू नको. तुझ्या दारात येते ती गाडी उभी कर आणि विकणाऱ्याला सांग, करून दाखव. नुसता बोलू नको म्हणावं."

हे मी आधीच केलं होतं, आणि तिच्या तोंडून ऐकताना मला राग आला. आम्हा दोघींना ते एकाच ठिकाणाहून मिळालं होतं. फक्त तिला ते समोर बसवून सांगितलं गेलं होतं.

"जमीन बघितलीस?" तिने विचारलं. "तुमच्या शेडला उतार हाय. काकांनी आणि मी घातलेला तो कोबा. तुझी परीक्षा चालू होती तवा. दोरी मी धरली होती."

"बघितली," मी म्हटलं.

"मग कशाला एवढी तोडफोड करतेस? गाड्या माझ्याकडं आण. दोघी मिळून करू."

ती मनापासून बोलत होती. तिच्या मनात काही वाकडं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, बघते. आणि उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "बस की. ह्याच खुर्चीत बसायचे काका."

मी विचारलं, कधी?

"शेवटच्या वर्षी. पेणच्या डॉक्टरकडं जायचे ना मंगळवारी? येताना इथं उतरायचे. तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं, बाबा. दर मंगळवारी तुम्ही दिवेलागणीला घरी यायचात आणि म्हणायचात, दवाखान्यात गर्दी फार. आई तुमचे पाय चेपायची. मी पतसंस्थेतून येऊन तुमच्या गोळ्या लावून ठेवायचे. तुम्ही तिच्या गॅरेजमध्ये बसून येत होतात. नुसते बसून नाही, ती सांगते की एकदा धाप लागत असताना तुम्ही चटई टाकून गाडीखाली शिरलात, क्लच बघायला, आणि बाहेर आलात ते शिट्टी वाजवत. घरी आम्ही तुम्हाला जिना चढू देत नव्हतो.

"काय बोलायचे?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"गाड्यांचं. आणि तुझं. पोरगी खुर्चीत बसते, माणसं तिला मॅडम म्हणतात, तिच्या सहीने पैसे सुटतात, असं. तेच तेच सांगायचे. मी म्हणायची, काका, मागच्या मंगळवारी झालं हे."

ती हसत होती. मी चहा संपवला. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं, आणि ते तुमच्या आठवणीने आलं असं मला म्हणता येत नाही. तुम्ही माझं कौतुक केलंत, पोटभर केलंत, आणि तेसुद्धा तिला मिळालं. तो सगळा वेळ मी घरात होते. मला तुम्ही एवढंच म्हणायचात, "जेवलीस का?"

मी तिसऱ्याचं मशीन घेतलं. कारणं सगळी बरोबर आहेत. मांडव्याहून येणाऱ्या गाड्यांत परदेशी गाड्या पुष्कळ. त्या माणसाने डॉक्टरीणबाईंचीच गाडी मागून घेऊन पनवेलच्या सपाट जमिनीवर माझ्यासमोर जुळवून दाखवली, त्याचा दुरुस्तीवाला पनवेललाच राहतो आणि फोन उचलतो. नव्या गाड्यांची माहिती मशीनमध्ये भरत राहण्याचं त्याने कागदावर दिलं. पण ह्या सगळ्याच्या आधी, पोयनाडला तिने परदेशी गाड्यांची रडारं आपल्याने होत नाहीत असं सांगितलं त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं ते हे, की हे तिच्याकडे नाही. कोबा फोडताना, गवंडी कडेकडेने पाणसळ फिरवत असताना, भिंतीला मळकट पांढरा रंग देताना मी हाच विचार चघळत होते. एक दिवस तिला गाडी घेऊन माझ्या दारात यावं लागेल.

ती आली. गेल्या आठवड्यात. तिचा फोन आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तुझ्याकडं हे रडार होतं काय गो?" तिच्या एका गिऱ्हाइकाची जर्मन गाडी, बंपर बदललेला. ती स्वतः चालवत घेऊन आली. मी ह्या दिवसासाठी एवढी वाट बघितली होती की सकाळी मशीन दोनदा पुसलं. टायरची हवा बघितली, टाकी भरलेली आहे ना बघितलं, चाकांना पट्टे लावले, चौकट रुळावर सरकवून गाडीचा मध्य पकडला. ती भिंतीपाशी स्टुलावर बसून बघत होती. मला वाटलं होतं, तिच्या तोंडावर काही तरी दिसेल, निदान थोडं. ती वाकून जमिनीला हात लावून बघत होती, जिथे तुमचा जुना कोबा संपतो आणि माझा सुरू होतो तिथे.

"चांगली बसवलीस," म्हणाली. मग हात पुसत, "मंगळवारी ते उठायचे नाहीत लवकर. मी म्हणायची, काका, शेवटची गाडी जाईल, घरी वाट बघतील. तर म्हणायचे, बघू दे, माझी पोरगी डोकं चालवते, तिला कळंल मी कुठं बसलोय ते. मला वाटायचं तुला सगळं सांगितलंय त्यांनी."

स्क्रीनवर रडार जुळल्याचा संदेश आला. मग आम्ही दोघी गाडी रस्त्यावर घेऊन गेलो, चाचणीसाठी. तिने चालवली. समोर एक रिक्षा होती, गाडी तिच्यामागे अंतर ठेवून आपली आपण हळू झाली, रिक्षा वळली तशी पुन्हा वेग घेतला. ती बोलत होती. तुम्ही चहात बिस्कीट बुडवून विसरायचात ते. कारखान्यातल्या साहेबाची गाडी तुम्ही मुद्दाम दोन दिवस अडवून ठेवली होतीत ते. मला गाणं येत नाही म्हणायचात आणि गाडीखाली गायचात ते. ह्यातलं अर्धं मी पहिल्यांदा ऐकत होते. प्रत्येक वाक्याला मला टोचत होतं आणि प्रत्येक वाक्य संपलं की पुढचं हवं होतं. मी कोणाला विचारणार होते? आई गेली. शेडमधले जुने मेकॅनिक गेले. तुमच्याबद्दल मला न कळलेलं काही सांगू शकेल असं एकच माणूस उरलं आहे, आणि नेमकं तेच.

असूया गेली असं तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल. ती आहे, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की असते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. गाडी तिच्या ताब्यात देताना मी तिला म्हटलं, "दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा आण. तपासून बघावं लागतं." असं काही करावं लागत नाही. एकदा जुळवलेलं रडार कोणी धडकेपर्यंत जुळलेलंच राहतं. हे काम ती माझ्या आधीपासून करते, तिला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. मंगळवारी आणते."